विरजण : पटकीच्या साथीपासून येळवशीच्या पानापर्यंत

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर जिल्ह्यातली गावं सकाळीच ओस पडतात. येळवस असते. डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन बाया शेताची वाट धरतात. पाठोपाठ भज्जीचं पातेलं, उंडे, शेंगपोळ्या आणि खीर येते. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, मग शिवारातच पंगत बसते आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक यांचं आंबवलेलं पेय. तिला आंबटपणा येतो तो जिवाणूंमुळे. एकेका घोटात त्यांची संख्या कोटींच्या घरात जाते आणि ते पोटात जातात तेव्हा जिवंत असतात.

याच शिवारांना जिवाणूंची आणखी एक ओळख होती आणि ती मरणाची होती. लातूर-नांदेडचा मुलूख निजामाच्या राज्यात असतानाच्या पिढ्यांनी पटकी पाहिली. विहिरी तळाला गेल्या किंवा पहिल्या पावसाचं गढूळ पाणी त्यांत उतरलं की ती यायची. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत वाळून जायचा. लोक मरीआईला साकडं घालत आणि तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. पण साथ ओसरल्यावर मागे राहिलेल्यांना एक प्रश्न छळत असणार. एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या दोघा भावांतला एक गेला, दुसऱ्याला काहीच झालं नाही, असं का? गावानं त्याला देवीची मर्जी म्हटलं. हाच प्रश्न प्रयोगशाळेत गेला आणि सव्वाशे वर्षांच्या प्रवासानंतर त्याचं उत्तर पुन्हा आपल्या शेतापर्यंत आलं. त्या प्रवासाची ही कहाणी आहे.

१८९२ : एक साथ, दोन वाटा

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीच्या रोग्यांच्या आतड्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू दाखवून दिला. रोगाचं कारण सापडलं, असं वाटलं. पण सगळ्यांना ते पटलं नव्हतं. म्युनिकचे ७३ वर्षांचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी ऑक्टोबर १८९२ मध्ये या जिवाणूंनी भरलेलं पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखवलं. त्यांना किरकोळ जुलाब झाले आणि ते बरे झाले. विहिरीच्या काठचा प्रश्न आता युरोपातल्या विद्वानांपुढे उभा राहिला. जंतू पोटात गेला, मग माणूस वाचला कसा?

त्याच वर्षी फ्रान्समध्येही पटकी पसरली होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तेव्हा एल्या मेचनिकॉफ काम करत होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हा त्यांचा शोध दहा वर्षांपूर्वीचा. त्यासाठी पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मेचनिकॉफ यांनीही पटकीचे जंतू स्वतः प्यायले. त्यांना काही झालं नाही. मग एक सहकारी प्यायला, त्यालाही काही झालं नाही. तिसरा स्वयंसेवक मात्र मरता मरता वाचला. हादरलेल्या मेचनिकॉफ यांनी माणसांवरचे प्रयोग थांबवले आणि काचेच्या बशीत पटकीचा जिवाणू इतर जिवाणूंच्या शेजारी वाढवून पाहिला. काही शेजाऱ्यांच्या संगतीत तो फोफावला, काहींच्या संगतीत खुरटला.

इथे विचारानं वेगळंच वळण घेतलं. रोग होणं न होणं फक्त बाहेरून आलेल्या जंतूवर ठरत नसेल. आतड्यात आधीपासून कोण वस्तीला आहे, यावरही ते ठरत असेल.

त्याच इमारतीत मेचनिकॉफ यांचा ओदेसा शहरापासूनचा विद्यार्थी दुसरी वाट शोधत होता. वाल्देमार हाफकिन पाश्चर संस्थेत सुरुवातीला ग्रंथालयाचं काम करत. त्यांनी पटकीच्या जंतूंपासून लस बनवली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. गुरू जंतूंच्या शेजाऱ्यांचा विचार करत होता, शिष्य जंतूशी लढायला शरीराला तयार करत होता. एका साथीतून निघालेल्या या दोन वाटांपैकी शिष्याची वाट आधी आपल्याकडे पोहोचली.

तुपाचे थेंब आणि दह्याची वाटी

हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले. दोन-अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना पटकीची लस टोचली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जेमतेम जागा मिळाली. तिथे मांसाच्या रसात ते प्लेगचे जंतू वाढवत आणि वर तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत यायची, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तशी. ती हलवून पाडायची, पुन्हा वाढू द्यायची आणि शेवटी तापवून मारायची. मेलेल्या जंतूंची ही लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. तो काळ किती भयाण होता, हे त्या एका मृत्यूवरूनही कळतं. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

पॅरिसमध्ये मेचनिकॉफ दुसऱ्या टोकाला पोहोचले होते. मोठ्या आतड्यातल्या कुजवणाऱ्या जिवाणूंची विषं माणसाला लवकर म्हातारं करतात, असं त्यांचं मत बनलं. बल्गेरियातले दीर्घायुषी शेतकरी आंबट दूध पितात, याकडे त्यांनी १९०४ च्या व्याख्यानात लक्ष वेधलं. पुढच्याच वर्षी स्तामेन ग्रिगोरॉफ या तरुण बल्गेरियन वैद्यकानं जिनिव्हात त्या दह्यातला जिवाणू वेगळा करून दाखवला. पॅरिसमध्ये दह्याची दुकानं निघाली, गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. मेचनिकॉफ स्वतः रोज आंबट दूध घेत. १९१६ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी ते वारले आणि दीर्घायुष्याच्या त्या सिद्धान्ताची चमक उतरली. पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या प्रयोगांतून दिसलं की बल्गेरियन दह्याचा तो जिवाणू माणसाच्या आतड्यात टिकतच नाही.

आपल्याकडे ताकाला शोध लागण्याची वाट पाहावी लागली नव्हती. चरकसंहितेत मूळव्याध आणि ग्रहणी या रोगांच्या उपचारांत ताकाला मानाचं स्थान आहे. देवणी आणि लाल कंधारी या गाईंच्या मुलखात ज्वारीच्या भाकरीबरोबर ताक हेच रोजचं कोरड्यास होतं. पण घरचं ताक कोणत्या आजारावर, किती आणि कसं उपयोगी पडतं, हे कोणी मोजलं नव्हतं. पॅरिसच्या दुकानदारांनीही मोजलं नव्हतं. मोजण्याआधीच जाहिरात झाली, हे मेचनिकॉफ यांच्या कल्पनेचं दुर्दैव ठरलं.

तरीही ती पूर्ण विझली नाही. १९१७ मध्ये जर्मनीतल्या आल्फ्रेड निस्सले यांनी पहिल्या महायुद्धातला असा सैनिक शोधला, ज्याचे सोबती हगवणीनं आजारी पडत असताना तो ठणठणीत होता. त्याच्या आतड्यातला जिवाणू वेगळा करून त्यांनी औषध बनवलं. १९२० च्या दशकात आंरी बुलार यांनी इंडोचायनात पटकीच्या साथीत काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिताना पाहिले आणि त्यातून एक यीस्ट मिळवलं. ते आजही जुलाबांवर दिलं जातं. निस्सले यांचा सैनिक म्हणजे आपल्या विहिरीच्या काठी वाचलेला भाऊच.

पिंपरीची पेनिसिलिन, मीठ-साखरेचं पाणी

स्वातंत्र्यानंतर प्रतिजैविकांचं युग आलं आणि त्याचं भारतातलं एक मोठं केंद्र महाराष्ट्रात उभं राहिलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. न्यूमोनिया, सूतिकाज्वर, चिघळलेल्या जखमा यांनी जाणारी माणसं वाचू लागली. त्या उपकाराचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही.

पटकीवरचा सर्वांत स्वस्त इलाज मात्र निराळाच निघाला. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी भडकली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली. त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे हीच जलसंजीवनी म्हणून अंगणवाडीपर्यंत पोहोचली. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं, एवढ्या साध्या तत्त्वावर तो इलाज उभा आहे.

प्रतिजैविकांची दुसरी बाजू हळूहळू दिसू लागली. ही औषधं शत्रू निवडून मारत नाहीत. आतड्यातली जुनी वस्ती त्यांच्यामुळे उठते आणि मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा जिवाणू घर करतो. त्याचे जुलाब जीवघेणे ठरू शकतात. १९५८ मध्ये अमेरिकेत बेन आइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार रोग्यांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू सोडले आणि रोगी बरे झाले. हा इलाज ऐकायला किळसवाणा असल्यानं मागे पडला. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याची रीतसर चाचणी झाली तेव्हा १६ पैकी १५ रोगी बरे झाले, तर नेहमीच्या प्रतिजैविकानं १३ पैकी फक्त ४. निष्कर्ष इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. आतड्यातल्या वस्तीनं रोग परतवला, याचा इतका ठळक पुरावा वैद्यकाला पहिल्यांदाच मिळाला.

पुण्यात मोजणी सुरू होते

ही वस्ती आहे केवढी? २०१६ च्या एका काळजीपूर्वक केलेल्या हिशेबानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि जिवाणू ३८ लाख कोटी. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. हवा लागली की त्यातले पुष्कळसे मरतात, त्यामुळे त्यातले बरेचसे दीर्घकाळ बशीत वाढवता येत नव्हते. जिवाणूंच्या डीएनएमधला एक ठरावीक तुकडा वाचून ओळख पटवण्याची पद्धत आली आणि न वाढवताही मोजणी शक्य झाली.

महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. योगेश शौचे यांच्या गटानं हाती घेतलं. २०१२ मध्ये या गटानं आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. दिलीप रानडे यांच्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी निवडली ती भारतीय एकत्र कुटुंबं. एका छताखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, रक्ताच्या नात्यातली, पण वेगवेगळ्या वयांची माणसं. अन्न आणि अनुवंश सारखा असताना वयानुसार आतड्यातली वस्ती कशी बदलते, हे त्यांनी पाहिलं. माणसं मोजकीच होती, पण प्रश्न आपल्या मातीतला होता. पाश्चात्त्य देशात एकत्र कुटुंबाची अशी सोय कुठून मिळणार?

पुढच्या वर्षांत देशभरच्या अभ्यासांतून एक चित्र तयार झालं. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाच्या जिवाणूंचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा बरंच जास्त आढळतं. धान्य, डाळी आणि भाज्यांतला चोथा हे त्यांचं अन्न. आपल्याला पचत नाही तो चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्याच ब्युटिरेटवर जगतात. अस्तर घट्ट राहिलं तर जंतू रक्तात शिरत नाहीत आणि रोगप्रतिकारक यंत्रणाही नाहक भडकत नाही. भाकरी आपण आपल्यासाठी खातो, पण तिचा एक वाटा या वस्तीला जातो.

ओडिशातली बाळं

या वस्तीत मुद्दाम भर घालून रोग टाळता येतो का, या प्रश्नाला सर्वांत मोठं उत्तर मिळालं ते खेड्यातल्या नवजात बाळांमध्ये. जंतुसंसर्ग रक्तात पसरणं, म्हणजे सेप्सिस, हे बाळांच्या मृत्यूचं मोठं कारण आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीत गावातल्याच स्त्रीला शिकवून घरोघर उपचार पोहोचवले. त्यानं बालमृत्यू किती घटतात हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. तो आजार झाल्यावरचा इलाज होता. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी ओडिशात आजार होण्याआधीचा इलाज शोधला. त्यांच्या गटानं ४,५५६ निरोगी नवजात बाळांवर चाचणी केली. निम्म्यांना आईच्या दुधाबरोबर सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक निवडक वाण आणि त्याचं अन्न म्हणून एक विशिष्ट शर्करा दिली, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं चूर्ण. दोन महिन्यांत सेप्सिस किंवा मृत्यू ओढवलेल्या बाळांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं, म्हणजे ४० टक्के घट. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये हे निष्कर्ष आले. मेचनिकॉफ यांनी बशीत जे पाहिलं होतं, ते आता चार हजारांवर बाळांच्या आयुष्यात मोजलं गेलं होतं.

पण त्याच शास्त्रानं सावधही केलं आहे. कोलकात्याच्या झोपडपट्टीतल्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे जिवाणूयुक्त पेय दिल्यावर जुलाब १४ टक्क्यांनी घटले. फायदा झाला, पण माफक. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात जुलाब झालेल्या मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि दोन्हींत प्रोबायोटिक्सचा, म्हणजे आरोग्यासाठी दिलेल्या अशा जिवंत जिवाणूंचा, काही उपयोग दिसला नाही. त्याआधी २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रोग्यांना प्रोबायोटिक्स दिली गेली, तेव्हा ती घेणाऱ्यांत १६ टक्के दगावले आणि न घेणाऱ्यांत ६ टक्के. अत्यवस्थ शरीरात जिवंत जिवाणू सोडणं धोक्याचं ठरू शकतं. म्हणूनच २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी ठरवलेली प्रोबायोटिकची व्याख्या नीट वाचायला हवी. जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा मात्रेत हवेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा सिद्ध झालेला हवा. भारतातल्या नियमांनुसार प्रोबायोटिक पदार्थाच्या रोजच्या मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. वाण कोणता, मात्रा किती आणि रोग कोणता, या तिन्हींची उत्तरं नसतील तर औषधाच्या दुकानातल्या पुडीवरचा 'प्रोबायोटिक' हा शब्द पॅरिसच्या दुकानदारांच्या जाहिरातीपेक्षा वेगळा ठरत नाही.

पुन्हा शिवारात

या कहाणीचा अलीकडचा टप्पा ढाक्यात घडला. तिथे १९६० मध्ये पटकीवर संशोधन करायला प्रयोगशाळा निघाली होती. तीच आता अतिसाराच्या अभ्यासाचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. तिथले डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतले डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या गटांना २०१४ मध्ये दिसलं की कुपोषित मुलाच्या आतड्यातली वस्ती त्याच्या वयाच्या मानानं अपक्व राहते. भरपूर खाऊ घातलं तरी ती पुरती सुधारत नाही. मग त्यांनी वाढ खुंटलेल्या वस्तीला पोसेल असं अन्न शोधलं. मीरपूरच्या झोपडपट्टीतल्या मध्यम कुपोषित मुलांवर त्याची तीन महिने चाचणी झाली. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते, तरी मुलांचं वजन अधिक वेगानं वाढलं. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या अन्नात चार मुख्य घटक होते: हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्ची केळी. लातूरच्या बाजार समितीत हरभरा आणि सोयाबीनची आवक पाहिलेल्या, नांदेडच्या अर्धापूर भागातल्या केळीच्या बागा पाहिलेल्या माणसाला ही यादी वाचून राहवणार नाही. ज्या चार वस्तूंनी मीरपूरच्या मुलांना बळ दिलं, त्या आमच्या मातीत पिकतात आणि ट्रक भरून बाहेर जातात. त्यातल्या मूठभर आमच्या अंगणवाडीच्या ताटात विचारपूर्वक, मोजून-मापून का येऊ नयेत? आंबिलीतले जिवाणू कोणते आणि ते आतड्यात जाऊन काय करतात, याचा अभ्यास नांदेडच्या विद्यापीठातल्या तरुणांनी का करू नये? शौचे यांच्या गटानं एकत्र कुटुंबाला संशोधनाचा विषय केलं, तसा येळवशीचा विषय करायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाणीच नाही तिथे हात धुणं आणि भांडी धुणंही तोकडं पडतं. घाण पाण्यातले जंतू पुन्हा पुन्हा पोटात गेले की लहान आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तिथे कोणताही वाण, कोणतंही चूर्ण पुरं पडत नाही. चांगलं विरजण लावायचं तर भांडं आधी स्वच्छ लागतं, हे दही लावणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं.

आपल्या घरांत विरजण विकत आणायची रीत नव्हती. संपलं तर वाटी घेऊन शेजारी जायचं. एका घरातले जिवाणू दुसऱ्या घरात, सासूकडचे सुनेकडे, असे वर्षानुवर्षं चालत यायचे. बाळाच्या आतड्यातली पहिली वस्तीही अशीच लागते, जन्मताना आईच्या अंगातून आणि मग तिच्या दुधातून. विहिरीच्या काठी वाचलेल्या भावाला कशानं वाचवलं, त्या उत्तराचा एक भाग तिथेच आहे. आज आई झालेल्या प्रत्येकीला स्वच्छ पाणी आणि सकस अन्न मिळालं, बाळाला अंगावरचं दूध मिळालं आणि गरज नसताना प्रतिजैविक दिलं गेलं नाही, तर हे विरजण पुढच्या पिढीला शाबूत मिळेल. पुढच्या येळवशीला बिंदगं डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईच्या कडेवरचं मूल गुटगुटीत दिसावं, यासाठी एवढं करायला हवं आणि ते आपल्या हातातलं आहे.